मागून घेतलेला महारोग

लोक देवाजवळ पोरंबाळं मागतात, शेताला पीक मागतात. मी पंधराव्या वर्षी एका सायकलवाल्या माणसाकडून महारोग मागून घेतला. आता त्याला कुष्ठरोग म्हणतात. तेव्हा आमच्या गावात त्याचं नाव कोणी घेत नसे, नुसतं 'थो रोग', म्हणजे 'तो रोग', एवढंच म्हणायचं आणि विषय बदलायचा. मला तो झालेला नव्हता, होण्याची चिन्हंही नव्हती. तरी मी खोटं बोलून, डोळे मिटून तो पदरात पाडून घेतला आणि वर मनात म्हटलं, किती हुशार आहे मी. ती पोरगी आज समोर आली असती तर तिचा कान पिळला असता. उजवा. डाव्याच्या वाटेला गेलेलं तिला चालत नसे.

माझ्या चेहऱ्याची डावी बाजू जन्मापासून लाल आहे. कपाळाच्या कडेपासून सुरू होऊन पापणी, गाल, अर्धा ओठ असं करत तो डाग हनुवटीच्या कोपऱ्यात येऊन थांबतो. रंग म्हणाल तर पांढऱ्या धोतरावर जांभूळ सांडावं, बाईने ते घासून घासून धुवावं आणि मग जे उरावं तो. उजवीकडून पाहिलं तर मी चांगली दिसायचे. आता कोण तपासायला येणार आहे, म्हणून सांगून टाकते.

गावातल्या प्रत्येक भिंतीशी माझी ओळख होती. कुठेही गेले की डावा गाल भिंतीकडे करून बसायचे. चालताना कोणी सोबत असलं की त्याला उजवीकडे घ्यायचे. बाहेरगावची बाई दिसली की विचारायची, "भाजलं काय वं?" आणि गावातली बाई माझ्या वतीने उत्तर द्यायची, "नाही, हिच्या मायनं गिरानात इळ्यावर कांदा चिरला होता." माय तिथेच उभी असायची. ग्रहणात कांदा चिरल्याचं तिला आठवत नव्हतं, पण चिरला नाही असंही तिला छातीठोक सांगता येत नव्हतं. पंधरा वर्षं ती त्या कांद्याचा विचार करत होती.

मायने मरीमायला नवस बोलला होता, डाग गेला तर पोरीच्या वजनाएवढा गूळ वाहीन. डाग काही जाईना आणि मी मात्र दर वर्षी वाढत होते, म्हणजे नवस दर वर्षी जड होत होता. छप्पन साली बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. मी दहा वर्षांची होते. त्यांनी घरातले देव टोपल्यात भरले आणि पैनगंगेत सोडून आले. मायने टोपलं त्यांच्या डोक्यावर चढवून दिलं. ते परत आल्यावर फक्त एवढं विचारलं, "मंग पोरीच्या डागाचं?"

"आता नवस नाही," बाबा म्हणाले. "दवाखाना आहे. देवाचं नाही केलं म्हनून काय झालं, डाक्टरचं करू."

आणि त्यांनी केलंही. आमचं गाव फुलसावंगीपासून दोन कोसांवर. बाबा रोजमजुरी करत आणि कापसाच्या हंगामात उमरखेडच्या जिनात जात. तिथल्या एका डॉक्टरकडे मला घेऊन गेले. जाताना नाला भरला होता तर मला खांद्यावर बसवून पार केलं, मी चांगली अकरा वर्षांची घोडी असताना. डॉक्टरांनी काळं मलम दिलं. वर्षभर लावलं. उशी काळी झाली, गाल लालच राहिला. दुसरं मलम पिवळं होतं. तेही संपलं. बाबा म्हणायचे, "लागते टाइम. डाक्टरचं काम देवासारखं नसते, सावकाश होते."

मला सावकाश नको होतं. माझ्याबरोबरीच्या मुलींची लग्नं ठरू लागली होती. पाहायला येणारे पाहुणे आमच्या दारावरून पुढे जात आणि मी भिंतीशी ओळख वाढवत बसे. तेराव्या वर्षी मी स्वतःच डॉक्टर झाले. बिब्ब्याने चामखीळ जळते हे ऐकलं होतं. चामखीळ जळते तर डाग का जळू नये? शेतातून बिब्बा आणला, सुईला टोचून दिव्यावर धरला आणि निघालेलं तेल कानापाशी, डागाच्या काठाला लावलं. काठापासून सुरुवात करावी आणि मग आत यावं असा बेत होता. फोड आले, पाणी झालं, आठ दिवस त्या कुशीवर झोपता आलं नाही. डाग होता तसाच राहिला, फक्त त्याच्या काठाला एक जाडसर वण आला. मायने विचारलं तर सांगितलं, गांधीलमाशी चावली.

हे सगळं अशासाठी सांगितलं की सायकलवाला माणूस आमच्या शाळेच्या ओसरीत येऊन बसला तोवर मी काय काय करून चुकले होते ते कळावं.

तो महारोगाची तपासणी करत गावोगाव फिरत होता. त्याने भिंतीला एक तक्ता टांगला. तक्त्यावर एकाच माणसाची दोन चित्रं होती. पहिल्यात त्याच्या पाठीवर, गालावर डाग. दुसऱ्यात पाठ कोरी, गाल कोरा, आणि माणूस हसतोय. सायकलवाला म्हणाला, "हा शाप नाही, पाप नाही. याला आता गोळी निघाली आहे. नेमाने खाल्ली तर डाग जातो. म्हणून लपवू नका."

बाकीच्यांनी काय ऐकलं कोण जाणे. मी 'गोळी' आणि 'जातो' एवढंच ऐकलं. माझा डाग त्या जातीचा नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पोटात गेल्यावर गोळीला काय कळणार, हा डाग कोणता आणि तो कोणता? समोर दिसेल तो पुसत जाईल. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा या विचारावर मी इतकी खूश होते की वेचणीला न जाता पोटात दुखतंय म्हणून घरी राहिले आणि सगळ्या बाया शेतात गेल्यावर एकटीच ओसरीत जाऊन उभी राहिले.

त्याने माझा चेहरा उजेडाकडे वळवला. "हा डाग कधीपासून?"

गावातल्या शेंबड्या पोरालाही याचं उत्तर माहीत होतं. पण तिथे शेंबडं पोरही नव्हतं.

"दोन साल झाले."

"आधी अजिबात नव्हता?"

"आधी लहान होता. आता वाढून राह्यला."

"आणि हे कानापाशी?"

"फोड आलता."

"दुखला?"

"नाही," मी म्हणाले. आठ रात्री तोंडात पदर कोंबून काढल्या होत्या.

मग त्याने मला खाली बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. "मी कापूस लावीन. जिथे लागल्यासारखं वाटेल तिथे बोट ठेवायचं."

मी डोळे मिटले. कापसाची बारीक वात उजव्या गालाला लागली, मी बोट ठेवलं. कपाळाला लागली, ठेवलं. मग ती डाव्या गालावर आली. त्या गालाला तोपर्यंत लोकांनी बोटं दाखवली होती, मलमं फासली होती, मी स्वतः जाळून पाहिला होता. इतक्या हळू त्याला कोणीच हात लावला नव्हता. मला प्रत्येक स्पर्श कळला. पापणीखाली, ओठाच्या कडेला, पुन्हा पापणीखाली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. मग त्याने टाचणी टोचली. तीही कळली. मी मनात पाढा म्हणायला लागले.

डोळे उघडले तेव्हा तो वहीत लिहीत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. "घाबरू नको बेटा. लवकर आलीस, हे चांगलं झालं." मला घाबरायला वेळ नव्हता, मी हसू दाबत होते.

"घरी कोण असतं? मी येऊन समजावून सांगतो."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. बाबांच्या समोर 'दोन साल' टिकणार नव्हते. मी म्हणाले, "नोको साहेब. माहे बाबा मले घरातून काढून देतीन."

ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून नाला ओलांडला त्याच्याबद्दल मी हे बोलले. सायकलवाल्याला त्यात नवल वाटलं नाही. अशी घरं त्याने पुष्कळ पाहिली असावीत. तो म्हणाला, बरं, बाजाराच्या दिवशी फुलसावंगीच्या रस्त्यावर, पुलापाशी येत जा.

पुलाच्या खाली, कोरड्या पात्रात, चार-पाच जण एकमेकांपासून अंतर ठेवून बसलेले असत. बाजारात जाणारे वरून जात आणि खाली पाहत नसत. त्या चार-पाच जणांत एक म्हातारा होता. त्याची बोटं गेली होती आणि तो पळसाच्या पानावर गोळ्या घ्यायचा. पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुले कायले आनलं वं इथं? तुही बोटं तं चांगली आहेत."

"डाग आहे," मी म्हणाले.

"डागानं काय होते. मले तं बोटं गेल्यावर समजलं."

गोळी पांढरी होती, लहानशी. दिवसाला एक. मी ती कपड्यात पुरचुंडी करून कमरेला खोचायचे आणि सकाळी पाण्याला जाताना गिळायचे. घरात अर्धी काच उडालेला एक आरसा होता. त्यात चेहरा एका वेळी अर्धाच दिसायचा आणि मी डावा अर्धा लावून बघायचे. पंधरा दिवस काही झालं नाही. मला वाटलं, माझा डाग मोठा, त्याला एक गोळी काय पुरणार. पुढच्या वेळी सायकलवाल्याला सांगितलं, गोळ्या नाल्यात पडल्या. तो रागावला, पण दिल्या. त्याच्या पुढच्या वेळी म्हाताऱ्याने आपलं पान माझ्यापुढे सरकवलं.

"घे. मले काय कराच्या आता? गेलेली बोटं येत नाहीत याच्यानं."

मी घेतल्या. पानाला हात न लावता, गोळ्या तेवढ्या झटकून. त्याच्या थोट्या हातांची मला शिसारी आली आणि त्याच्या गोळ्यांची आली नाही. बिब्ब्याचं मी चेष्टेने सांगते, नातवंडं हसतात. म्हाताऱ्याचं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आता मी दिवसाला दोन, कधी तीन गोळ्या खात होते. आणि महिनाभरात डाग फिका झाला.

खरंच झाला. माझ्या डोळ्यांचा भ्रम नव्हता. जांभळाचा लाल जाऊन तो गुलाबी झाला, मग त्याहून फिका. वेचणीला गेले असताना शेजारच्या ओळीतली बाई म्हणाली, "तुहा डाग कमी दिसून राह्यला वं. काय लावलं?"

"काहीच नाही. आपोआप."

मी पुढची बोंडं वेचायला वाकले ती बराच वेळ उठले नाही. इतका आनंद मला नंतर माझ्या लग्नातही झाला नाही. हे माझ्या नवऱ्याला वाचून दाखवू नये.

मायने ते ऐकलं होतं. संध्याकाळी तिने मला चुलीच्या उजेडात ओढलं, हनुवटी धरून गाल पाहिला आणि हळूच म्हणाली, "तिनं आयकलं. बाबाले सांगू नोको." तिनं म्हणजे मरीमायने, पैनगंगेत सोडलेल्या. पाच वर्षांनी, पाण्याखालून. माय चोरून हात जोडत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचा कांदा उतरत होता. मी तिला खरं सांगू शकले असते. मी म्हणाले, "नाही सांगत."

दम लागू लागला होता, ते मी मनावर घेतलं नाही. विहिरीवरून घागर आणताना तीनदा थांबावं लागे. नखं निळसर दिसत. डोकं दुखे. माय म्हणाली, "पिवळी काहून पडून राह्यली?" मला ते 'गोरी' असं वाटलं. मी वाळत होते आणि माय मनात गुळाचा अंदाज बांधत होती.

एका दुपारी ओटीतल्या कापसासकट मी ओळीतच पडले. शुद्ध आली तेव्हा बाबांच्या पाठीवर होते आणि ते रस्त्याकडे पळत होते. एस.टी.ने उमरखेड. उमरखेडच्या डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि मलम वगैरे काही न बोलता यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. सगळ्या वाटेने बाबांनी माझं डोकं मांडीवर धरलं होतं. डावा गाल वर होता. मला भिंत शोधायचीही ताकद नव्हती.

यवतमाळच्या डॉक्टरांनी नखं पाहिली, ओठ पाहिले. बाबांना विचारलं, "काय औषध चालू आहे हिला?"

"कोन्तंच नाही साहेब."

नर्सने कमरेची पुरचुंडी सोडून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी एक गोळी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"या महारोगाच्या गोळ्या आहेत."

बाबा उभे होते, ते खाली बसले.

डॉक्टरांनी माझ्या डाव्या गालावर बोट दाबून सोडलं. "हा जन्मापासून आहे ना?"

"जन्मापासून," बाबा म्हणाले.

"मग या गोळ्या कशाला?" हे त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "डाग जाऊन राह्यला होता."

"डाग नाही गेला पोरी. अंगातलं रक्त गेलं. रक्तच नाही तर डागाला रंग कुठून येणार? आणखी महिनाभर खाल्ल्या असत्या तर पुरता गेला असता. आणि त्याच्याबरोबर तू."

मग त्यांनी विचारून विचारून सगळं काढलं. दोन साल, फोड, कापूस. बाबा घरातून काढून देतील, तेही. ते सांगताना मी बाबांकडे पाहिलं नाही. ते मान खाली घालून आपल्या पायांकडे पाहत होते. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याशी नाही, डॉक्टरांशी बोलले.

"मंग हिच्या डागावर कोन्ती गोळी चालते, साहेब?"

"कोणतीच नाही. हा रोगच नाही. कातडीखाली रक्ताच्या बारीक नळ्या जन्मतःच फुगलेल्या असतात. कोणाला लागत नाही. याच्यापायी कोणाकडून काही लावून घेऊ नका, काही खाऊ घालू नका. आज तरी याला औषध नाही."

"मुंबईले?"

"मुंबईलाही नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

बाबांनी मान हलवली. मग फरशीकडे पाहत म्हणाले, "हिच्या मायले सांगतलं होतं मी, दवाखाना आहे म्हनून."

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी विचारलं, "काय?" बाबा म्हणाले, "काही नाही."

मी तिथे अठरा-वीस दिवस होते. तिसऱ्या दिवशी माय आली. बाबांनी तिला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं. मला ऐकू येत होतं. ती एवढंच विचारत राहिली, "पन थोडा तं गेलता ना?" आणि बाबा दर वेळी म्हणत, "नाही गेला. पोरगी जाऊन राह्यली होती."

ती आत आली तेव्हा मला वाटलं, मारील. तिने खाटेपाशी बसून माझा गाल पाहिला. इतका फिका तो तिने कधी पाहिला नव्हता. अशाच गालासाठी ती पंधरा वर्षं हात जोडत होती. ती म्हणाली, "भुतावानी दिसून राह्यला," आणि पदराने तो घासू लागली, जोरात, जनावराला घासतात तसा, आतलं रक्त वर यावं म्हणून.

घरी आल्यावर तिने मला बकरीचं काळीज खाऊ घातलं, अंबाडीची भाजी, दवाखान्यातल्या लोहाच्या काळ्या गोळ्या. त्या गोळ्या ती स्वतःच्या हाताने तोंडात घालायची आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची. माझ्या शब्दावर घरात कोणाचा भरवसा उरला नव्हता. बाबा बाजाराच्या दिवशी पुलाखाली गेले आणि वहीतलं माझं नाव काढून आले. म्हातारा होता का, हे मी विचारलं नाही.

रोज सकाळी माय मला दारात उजेडाला उभी करायची, गालावर बोट दाबायची आणि सोडायची. बोटाखालचं पांढरं होतं ते परत भरायला किती वेळ लागतो ते बघायची. पहिल्यांदा वेळ लागायचा. मग कमी. काठावरून सुरू झालं, बिब्ब्याच्या वणापासून, आणि एकेक दिवस आत येत गेलं. शेजारच्या बाईला तिने कुंपणावरून सांगितलं, "आज पापनीवर आला वं. उद्या-परवा ओठावर येईन." चेहऱ्यावर शेताला पाणी लागल्यासारखा आनंद.

मी तो अर्धा आरसा चुलीमागे टाकून दिला. रक्त येत होतं, दम लागणं थांबलं होतं, घागर एका दमात घरी येत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. ज्या दिवशी ओठाचा कोपरा जांभळा झाला त्या दिवशी मायने बाबांना कामावरून हाक मारून बोलावलं आणि माझी हनुवटी वर करून दाखवली. "पाहा जी. पुरा आला."

बाबांनी पाहिलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "हो, आला," आणि परत गेले.

त्या महिन्यात मी मायशी एक शब्द बोलले नाही. मला वाटायचं, तिला चांगला धडा मिळतोय. तिच्या ते लक्षातही आलं नसावं. ती माझ्या तोंडाकडे दिवसातून दहा वेळा पाहायची, पण नुसता रंग पाहायची.